खोल श्वास घ्या म्हणे!

"खोल श्वास घ्या. अगदी पोटापर्यंत. आता हळूहळू सोडा. सगळा ताण बाहेर जातोय, बघा."

2025 च्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी हे शब्द आमच्या वस्तीत माइकवरून ऐकू आले. वस्ती म्हणजे रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, गोदीच्या भिंतीला पाठ लावून बसलेली पत्र्यांची रांग. विहारापुढच्या मोकळ्या जागेत हिरव्या रबरी चटया अंथरल्या होत्या. वर फलक टांगलेला : सामुदायिक वेलनेस दिवस, उपचार, संस्कृती, एकोपा. कुठल्याशा कंपनीची पंधरा-वीस पोरं-पोरी, सगळ्यांच्या अंगात एकसारखे बनियन, छातीवर कंपनीचं नाव. माइकवरची बाई चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. तिचा आवाज मऊ होता आणि डोळ्यांत कुणाचंही वाईट नव्हतं. माझं भांडण तिच्याशी नाही. तिला ज्यांनी इथं पाठवलं आणि तिच्या हातात जे वाक्य दिलं, त्या वाक्याशी आहे.

चटयांवर कोण बसले होते? तिरुनेलवेलीकडची अम्मा, दारूखान्यात लोखंडाचे तुकडे वेचता वेचता जिच्या बोटांची टोकं सपाट झालीत. बस्ती जिल्ह्यातली खाला, जी घरात बसून जरीचे मणी लावते आणि जिला संध्याकाळनंतर दिसत नाही. बीड-उस्मानाबादकडून दुष्काळात उठून आलेल्या आमच्या आया-मावश्या. रात्रपाळी मारून आलेली बिहारी पोरं, नाश्ता फुकट आहे म्हणून. आणि मी. मी दहावी पास आहे, कंत्राटदाराच्या टोळीत पोती उचलतो, कविता लिहितो. हे तीन गुन्हे एकाच माणसाच्या नावावर असले की तो गप्प बसत नाही, एवढं वाचकांनी समजून घ्यावं.

खोल श्वास घ्या म्हणे! कशाचा?

जहाजातून खत उतरवताना जी पांढरी राख उडते तिचा? डाळीच्या पोत्यांतून निघणाऱ्या भुश्शाचा? ट्रकांच्या धुराचा? दारूखान्यात वर्षानुवर्षं जहाजं फोडली, त्यांचा रंग गॅसने जाळताना जो वास सुटतो तो एकदा नाकात बसला की जेवणाच्या ताटातसुद्धा येतो, त्याचा? जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सांगितलं की हवेतल्या बारीक धुळीचं वर्षाचं प्रमाण एका घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्या सरकारने 2009 पासून हीच मर्यादा 40 ठेवलीय. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने आमची फुप्फुसं जगातल्या माणसांपेक्षा आठपट मजबूत आहेत! आणि वर ही चाळीसची लक्ष्मणरेषासुद्धा मुंबईला कित्येकदा पाळता आलेली नाही. मग ज्याला अक्कल आहे तो माणूस या वस्तीत श्वास खोल घेईल की उथळ? आमची म्हातारी माणसं तोंडाला पदर लावून, अर्धा अर्धा श्वास घेत जगली. तीच खरी शहाणी.

आता माझ्या जोडीदाराची गोष्ट सांगतो. त्याचं नाव छापणार नाही. त्याच्या बायकोला ते नको आहे.

गोदीत जोडीदार म्हणजे दोस्त नव्हे. दोस्त नंतर होतो. पोत्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. एकाचा पाय सरकला तर दुसऱ्याची कंबर जाते. चार वर्षं आम्ही पन्नास-पन्नास किलोची पोती अशी उचलली की पुढं पुढं 'हं' म्हणायचीसुद्धा गरज राहिली नाही. तो तमिळ. आजोबा तिकडून आले, बाप इथं जन्मला, तोही इथंच. त्याच्या आजोबाने 1966 नंतरचे ते दिवस पाहिले होते, जेव्हा लुंगीवाल्यांना या शहरातून हाकला म्हणून मराठी पोरं रस्त्यावर उतरली. नातू मात्र माझ्यापेक्षा शिव्या शुद्ध मराठीत द्यायचा. मी मुकादमाला 'तुमच्या' म्हणायचो तिथं तो 'तुझ्या' म्हणायचा, एवढाच फरक.

तो खोकायला लागला तेव्हा आम्ही हसलो. गोदीत कोण खोकत नाही? मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेला, ज्याच्या पाटीवर डॉक्टर आहे आणि डिग्री नाही. त्याने सलाईन लावलं, लाल औषध दिलं, तीनशे रुपये घेतले. असे तीन महिने. तुम्ही म्हणाल, सरकारी दवाखाना फुकट असताना तिथं का मेला? अरे बाबांनो, सरकारी दवाखाना ज्या वेळेला उघडा असतो त्याच वेळेला आमची पाळी असते! एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. दोन खाडे म्हणजे टोळीतली जागा गेली. कोपऱ्यावरचा रात्री अकरालाही भेटतो. तो चोर असेल, पण आमच्या वेळेचा चोर आहे. शेवटी थुंकी तपासली. टीबी.

सहा महिने गोळ्या, आणि पौष्टिक खा म्हणाले. सरकार त्यासाठी 2018 पासून महिन्याला पाचशे रुपये द्यायचं. दिवसाला सोळा रुपये. अंडी किती येतात मोजा. आणि हे पौष्टिक खाणं म्हणजे वरची मेहेरबानी नाही, तेच अर्धं औषध आहे. झारखंडात टीबीच्या रोग्यांच्या घरच्यांना सहा महिने रेशन देऊन पाहिलं : तांदूळ, डाळ. 2023 साली त्याचे निकाल आले. ज्या घरांना रेशन मिळालं तिथं बाकीच्या माणसांना टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी खाली आलं. तांदूळ-डाळीने! म्हणजे रोगजंतू भाकरीला भितो हे आता डॉक्टरांनी मोजून सांगितलंय. आमच्या आयांना ते कधीचं ठाऊक होतं, फक्त त्यांच्याकडे भाकरी नव्हती.

मुकादमाला खोकल्याचा सुगावा लागला. "खोकणारा टोळीत कशाला? बाकीची पळतील." संपलं. कुठलं पत्र नाही, नोटीस नाही, कारण कामावर ठेवल्याचंच पत्र नव्हतं. माझा आजा याच गोदीत कायम कामगार होता. 1948 च्या गोदी कामगार कायद्याने त्याला हजेरी होती, रजा होती, आजारपणात दवाखाना होता. तो रोज दारू प्यायचा, पण पेन्शनीत मेला. 1989 ला खाडीपलीकडं न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, माल डब्यांत गेला, डबे तिकडं गेले, आणि उरलेलं जे हातानं उचलायचं आहे ते कंत्राटदाराला. आजा कायम, बाप बदली, मी रोजंदारीवर. आमच्या घराण्याची अशी ही प्रगती.

जोडीदाराने गोळ्या चालू ठेवून भंगारात काम धरलं. मग 2024 च्या मार्चमध्ये देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. खिडकीतला माणूस म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात म्हणाला, अर्ध्या घेऊन जा. बाहेर विकत घ्यायला गेलो तर दुकानदाराकडेही नव्हत्या. टीबीच्या गोळ्या चुकल्या की रोग शिकून शहाणा होतो, मग त्याला साध्या गोळ्या पुरत नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला पुढे तेच सांगितलं. तो त्या वर्षी दिवाळीच्या आधी गेला. 1 नोव्हेंबर 2024 पासून सरकारने पाचशेचे हजार केले. त्याच्या खात्यात ते आले नाहीत. त्याला उशीर झाला होता.

या देशातून 2025 पर्यंत क्षयरोग हद्दपार करू असं सरकारने जाहीर केलं होतं. 2025 आलं, गेलं. रोग इथंच आहे. जोडीदार हद्दपार झाला.

त्याच्या मयताला त्याचे मामे धारावीतून परई घेऊन आले. परई म्हणजे त्यांचं चामड्याचं सपाट वाद्य. आमच्या हलगीची सख्खी बहीण. आधी कागद पेटवून त्या जाळावर चामडं शेकायचं, ताणलं गेलं की काठीने वाजवायचं. आमचीही हलगी तशीच शेकतात. पहिला ठोका पडला तेव्हा माझी आई दचकून म्हणाली, "ही तर आपलीच." गावात मयत झालं, देवीची जत्रा निघाली, सरकारी दवंडी पिटायची असली की हे वाद्य कुणी वाजवायचं? तिकडं परैयरांनी, इकडं महार-मांगांनी. वाजवायचं, भाकर घ्यायची, आणि देवळाबाहेर उभं राहायचं. इंग्रजीत वाळीत टाकलेल्या माणसाला जो शब्द आहे, 'परायाह', तो याच परईवरून, परैयर जातीवरून साहेबाने उचलला. जगातल्या कुठल्याही बहिष्कृताला शिवी द्यायची तर साहेबालाही आमच्या भाईबंदाची जात लागते!

तीन तास ते मामे वाजवत होते. अम्मा रडल्या, खाला रडली, आमच्या बाया रडल्या. बिहारी पोरं आधी बाजूला उभी राहिली, मग त्यांनी तिरडी धरली. मी एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला तो नव्हता, एवढंच मला कळत होतं. त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी झोपलो. आता याला कुणी 'हीलिंग' म्हणत असेल तर म्हणो, माझं काही म्हणणं नाही. पण ऐका पुढं काय झालं.

वेलनेसच्या त्या रविवारी, श्वास घेऊन झाल्यावर, कॅमेरावाला पोरगा माझ्याकडे आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मी कविता करतो आणि त्या मयतात परई वाजली होती. म्हणाला, "दादा, ते ड्रमवाले अंकल येतील का? साउंड हीलिंगचं एक सेशन करू. फक्त दुःखाचं नको, जरा एनर्जीवालं वाजवा म्हणावं. आणि तुम्ही एखादी कविता म्हणा ना. पॉझिटिव्ह."

पॉझिटिव्ह! जोडीदाराच्या थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता, तेवढा एकच पॉझिटिव्ह मी पाहिलाय.

हा सगळा धंदा काय आहे ते बघा. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावलेत. त्या दोन टक्क्यांतून या चटया आल्या. पण उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत आमची कंत्राटी मजुरी आहे, आमचे खाडे आहेत, आमची धूळ आहे. ते म्हणतात, तुमच्या मनावर ताण आहे. आहे ना! पण ताण मनात उगवतो का? इथून जवळच कौला बंदर आहे, बंदराच्याच जमिनीवर, समुद्रात घुसलेल्या धक्क्यावर वसलेलं. तिथल्या लोकांच्या मनाची तपासणी करून केलेला एक अभ्यास 2014 साली छापून आला. चार माणसांत जवळजवळ एकाला मनाच्या आजाराचा धोका निघाला. आणि कशामुळं, तर संडास नाही, पाणी नाही, घर कधी तोडतील याचा नेम नाही, उंदीर, कर्ज. गरिबी सोडून नुसत्या वस्तीच्या हालांचाच वेगळा बोजा मनावर पडतो, असं त्यांनी हिशोब करून दाखवलं. आता मला सांगा, संडासाच्या रांगेत पहाटे चारला उभ्या राहणाऱ्या पोरीला श्वासाचा व्यायाम शिकवणं म्हणजे काय? भिंत डोक्यावर पडतेय आणि तुम्ही डोक्याला तेल चोळताय!

पाण्याचंच घ्या. ही जमीन केंद्र सरकारच्या बंदराची, म्हणून महापालिका म्हणते आमचा संबंध नाही, आणि बंदर म्हणतं तुम्ही अतिक्रमण. मग कुणी फायर ब्रिगेडच्या वाहिनीला मोटर लावतो, रबरी नळ्या सोडतो आणि पाणी विकतो. इमारतीतला माणूस जे पाणी देतो त्या पैशाच्या कैक पटीने आम्ही मोजतो आणि वर आम्हालाच पाणीचोर म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदेशीर असली तरी माणसाचं पाणी तोडता येत नाही, पाणी जगण्याच्या हक्कातच येतं. चवदार तळ्याला 1927 साली जे बाबासाहेबांनी सांगितलं ते न्यायालयाने 87 वर्षांनी सांगितलं. आमच्या गल्लीला ते अजून कुणी सांगायला आलेलं नाही.

आणि रोगाचा दोष रोग्यावर ढकलायची ही चाल काही आजची नाही. 1896 साली प्लेग या शहरात पहिल्यांदा सापडला तो मांडवीत, गोदीच्या अंगणात, धान्याच्या गोदामांशेजारी. उंदीर मालाबरोबर आले आणि माल कुणाचा होता ते सगळ्यांना माहीत होतं. पण दोष कुणाला? कोंदट खोलीत दाटीवाटीनं झोपणाऱ्या हमालाला. त्याच्या घाणेरड्या सवयींना. 1898 ला सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघालं. समुद्राची हवा शहरात यावी म्हणून रुंद रस्ते काढले, प्रिन्सेस स्ट्रीटसारखे. हवा आली, पण ज्यांची घरं पाडली ते गेले दुसऱ्या दाटीत. पाडलं भरपूर, बांधलं कमी. जे थोडं बांधलं त्यात त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या त्यातल्याच एका चाळीत बाबासाहेब राहिले. रात्र रात्र वाचत बसायचे, कारण दिवसा गलका. त्या चाळीला कुणी वेलनेस म्हणालं नाही.

त्याच प्लेगात पुण्याला काय घडलं? सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आल्या. पोर वाचलं. माईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. उपचार म्हणजे काय, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी ही पाठ दाखवीन. माईंनी त्या पोराला सकारात्मक विचार करायला सांगितलं नव्हतं. उचललं होतं.

आता आपल्याच माणसांबद्दल बोलतो, नाही तर म्हणाल हा फक्त कंपनीवर भुंकतो.

आपल्यातली जुनी माणसं म्हणतात, हलगी गुलामीची, ती हातात घ्यायची नाही. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडा म्हणून सांगितलं, गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं. बरोबर सांगितलं. माझ्या आज्याने हलगी चुलीत घातली आणि त्याबद्दल मी त्याला सलाम करतो. पण मग तिच्या जागी काय आणलं? डीजे! 14 एप्रिलला आमच्या गल्लीत स्पीकरची भिंत उभी राहते, पत्रे थरथरतात, आणि टीबीच्या रोग्याला, बाळंतिणीला कानात कापूस घालून बसावं लागतं. एका रात्रीचं जे भाडं जातं त्यात जोडीदाराला सहा महिने अंडी-दूध मिळालं असतं. हे मी मंडळाच्या बैठकीत बोललो तर मला म्हणाले, तू जयंतीच्या विरोधात आहेस. च्यायला, जयंती कुणाची आहे ती आठवा! रात्र रात्र वाचणाऱ्या माणसाची. तिकडं तामिळनाडूत 1990 नंतर दलित पोरा-पोरींनी परई पुन्हा हातात घेतली, मान खाली घालून नाही, मोर्च्याच्या पुढे. आम्हाला शिकायचं असेल तर शेजारच्या खोलीतच शिकायला मिळेल. अम्मांचे भाऊ शिकवायला तयार आहेत. आम्हीच लाजतो.

आणि बाबा-बुवांचं काय? आमच्या गल्लीत रविवारी प्रार्थनेने रोग बरा करणारा पास्टर आहे. गुरुवारी दर्ग्यावर दोरा बांधणारे आहेत. अंगात येणाऱ्या बाया आहेत. आणि बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असून पोर तापलं की गुपचूप अंगारा लावणारे आपले बौद्धही आहेत, खोटं कशाला बोलू. मी हे मानत नाही. मानणारही नाही. पण खाला दर्ग्यावर का जाते ते मी पाहिलंय. तिथं तिला कुणी 'रांगेत उभी राहा' म्हणत नाही, आधार कार्ड मागत नाही. तिथला म्हातारा तिचं सगळं ऐकून घेतो. दवाखान्यात डॉक्टरला तिच्यासाठी एक मिनिट आहे. अंधश्रद्धा निर्मूलन करायचं असेल तर आधी तो दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा ठेवा आणि आत असा माणूस बसवा जो मान वर करून विचारेल, काय होतंय? बाकीचं मी बघतो. मी स्वतः खालाला हाताला धरून घेऊन जाईन.

एकोपा हा शब्दही त्या फलकावर होता. एकोपा! आमच्या वस्तीत पाच भाषा, चार धर्म, म्हणून कंपनीच्या पोरांनी सगळ्यांना एकमेकांचे हात धरून गोल उभं केलं. वस्तीतल्या चाचांनी हात धरला, हसले, फोटो निघाला. 1993 च्या जानेवारीत त्याच चाचांचं दुकान जळालं. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 साली आला, 900 मेलेल्या माणसांची नोंद आहे त्यात, जाळणाऱ्यांची नावं आहेत, पोलिसांची आहेत. त्या अहवालाचं काय झालं ते चाचांना कुणी सांगितलं नाही. आधी ते सांगा, मग गोल फिरा. जखम उघडून पाहायची नाही आणि वरून गुलाबपाणी शिंपडायचं, याला कुठल्या शास्त्रात उपचार म्हणतात?

खरा एकोपा या शहरानं पाहिलाय. 1944 ला अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. एक मांग, एक मुसलमान, आणि हातात डफ. सरकारला ती गाणी इतकी झोंबली की बंदी घालावी लागली. पॉझिटिव्ह गाण्यावर कधी बंदी येते का? पण मी गाण्याला देवही करत नाही. गाणं सगळं बरं करतं हे झूट आहे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. आपला शाहीर विलास घोगरे, ज्याच्या आवाजाने वस्त्या उठायच्या, त्याने चार दिवसांनी आपल्या झोपडीत फास लावून घेतला. त्याच्याजवळ गाणं नव्हतं का? सगळ्यांत जास्त त्याच्याचजवळ होतं. म्हणून मी म्हणतो, माणसं गोळीने मेली असतील तर औषध गोळी घालणाऱ्याचा हिशोब हेच आहे. डफ फक्त तो हिशोब मोठ्याने वाचून दाखवतो.

बंदराच्या जमिनीचा एक आराखडा 2018 साली निघालाय. बागा, समुद्राकाठी फिरायची वाट, मोठ्या जहाजांतून येणारे पाहुणे. म्हणजे एक दिवस इथली हवा खरंच चांगली होणार. झाडं लागणार, आणि कुणीतरी बाई इथंच, याच जागेवर, हिरव्या चटईवर बसून खोल श्वास घेणार. तिला तो पोटापर्यंत घेता येईल. आम्ही कुठं असू? माहुलला? तिथं तेलशुद्धीच्या कारखान्यांना चिकटून असलेल्या इमारतींत तोडलेल्या झोपड्यांतली माणसं कोंबली होती, आणि माणसं आजारी पडायला लागली तेव्हा 2019 साली उच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की ज्यांना तिथं जायचं नाही त्यांच्यावर सक्ती करू नका, त्यांना महिना पंधरा हजार भाडं द्या. रोग्याला हलवायचं आणि जागा निरोगी झाली म्हणायचं, ही इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची युक्ती अजून चालू आहे. सव्वाशे वर्षं झाली, औषध बदललेलं नाही.

कंपनीकडून परवा पुन्हा फोन आला. डिसेंबरात दुसरा वेलनेस दिवस करायचाय, या वेळी मोठा. परई हवीच आहे. मी रात्री अम्मांच्या भावाकडे गेलो, आईही आली. चाचा, खाला, दोन बिहारी पोरं, सगळे ओट्यावर बसलो आणि उत्तर लिहिलं. मी लिहीत गेलो, ते सांगत गेले. पहिलं, चटया नकोत, त्या जागेवर पाण्याची टाकी आणा, आणि ती भरायला महापालिका व बंदर दोघांना एकाच टेबलाशी बसवा, तुमच्या साहेबांची ओळख असेलच. दुसरं, तुमच्या गोदामात कंत्राटावर जी पोरं आहेत त्यांना आजारपणाची भरपगारी रजा द्या आणि खोकला लागला तर कामावरून काढणार नाही असं कागदावर लिहून द्या. तिसरं, टीबीच्या प्रत्येक घराला सहा महिने तांदूळ, डाळ, तेल, अंडी. फोटो न काढता. खाला म्हणाली, दवाखान्याची वेळ पण लिही. लिहिली.

शेवटी मी अम्मांच्या भावाला विचारलं, परईचं काय कळवू? तो विडी विझवून म्हणाला, "मयताला मी पैसे घेत नाही, कुणाच्याबी. दुसऱ्या कशाला वाजवायचं तर गोदीच्या पूर्ण पाळीची मजुरी, तीन माणसांची. आगाऊ. आणि काय वाजवायचं ते मी ठरवनार."

तेही लिहिलं, आणि कागद सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसकट सोमवारी टपालात टाकला.